बार्शी लाईट ते ब्रॉडगेज : लोहारा परिसराच्या संदर्भात लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांची इंजिने व डब्यांची रचना – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहारा हा तालुका १९९९ मध्ये अस्तित्वात आला. या तालुक्यातून रेल्वेमार्ग जात नाही. दक्षिणेस मुंबई–सोलापूर–वाडी हा मुख्य मार्ग आणि उत्तरेस कुर्डुवाडी–लातूर हा मार्ग अशा दोन मार्गांच्या मधल्या पट्ट्यात लोहारा वसलेले आहे. त्यामुळे येथील माणसाचा लांबचा प्रवास नेहमीच दोन टप्प्यांत होत आला. पहिला टप्पा बैलगाडीचा, पुढे एस.टी.चा, आणि दुसरा टप्पा सोलापूर, येडशी, ढोकी किंवा लातूर यांपैकी एखाद्या स्थानकावरून आगगाडीचा. ज्या गावात रूळ पोहोचले नाहीत, त्या गावालाही रेल्वेचा इतिहास असतो. जवळच्या स्थानकावर कोणती गाडी येते, ती कुठवर जाते आणि तिला कोणते डबे जोडलेले असतात, या तीन गोष्टींतून तो घडत असतो.

मराठीतील रेल्वेविषयक लेखनात मार्ग केव्हा सुरू झाला, किती खर्च आला आणि व्यापारावर काय परिणाम झाला, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. इंजिनाची ताकद आणि डब्यांची मांडणी हा मात्र अभियंत्यांचा विषय समजून बाजूला ठेवला जातो. वास्तविक, प्रवाशाला आपल्या स्थानकावर गाडीत बसून मुंबईला उतरता येईल की वाटेत सामान उचलून दुसरी गाडी गाठावी लागेल, हा प्रश्न याच तांत्रिक बाबींनी ठरविला जातो. उस्मानाबाद जिल्ह्याच्या बाबतीत तर हा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे एकाच निर्णयाशी बांधलेला राहिला. तो निर्णय म्हणजे रुळांवर प्रत्येक आसामागे पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही, हा होय. ज्या काटकसरीने या भागात रेल्वे आणली, त्याच काटकसरीने लांब पल्ल्याची गाडी या भागापासून दूर ठेवली, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

मुख्य मार्ग आणि घाटाचा नियम

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून आग्नेयेकडे जाणारा मार्ग पुणे, दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर असा पुढे सरकत गेला आणि १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला. हा मार्ग ५ फूट ६ इंच (१,६७६ मिलिमीटर) रुंदीचा, म्हणजे ब्रॉडगेज होता. त्यावरील प्रत्येक गाडीची रचना मुंबईजवळच्या एका अडथळ्याने ठरत असे. तो अडथळा म्हणजे १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झालेला भोर घाट. घाटातील चढ जास्तीत जास्त ३७ फुटांस १ फूट एवढा तीव्र आहे. सपाटीवर एक इंजिन जेवढे डबे सहज ओढते, तेवढे डबे या चढावर ते एकटे ओढू शकत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडून लोणावळ्यापर्यंत ती मागून ढकलण्याची पद्धत रूढ झाली. रेल्वेच्या भाषेत या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात.

या पद्धतीचे कारण समजून घेणे पुढील विवेचनाच्या दृष्टीने आवश्यक आहे. इंजिनाच्या यंत्रात कितीही शक्ती असली तरी ती चाक आणि रूळ यांच्यातील घर्षणातूनच गाडीला मिळते. हे घर्षण चालक चाकांवर पडणाऱ्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाइतके असते. त्याहून अधिक ओढ लावली तर चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणजे इंजिनाची ओढशक्ती वाढवायची तर चालक चाकांवरील वजन वाढविले पाहिजे. आणि वजन वाढवायचे तर ते पेलणारे जड रूळ, भक्कम पूल आणि खडीचा पक्का बिछाना पाहिजे. इंजिन, रूळ आणि डब्यांची संख्या ही एकाच साखळीची तीन टोके आहेत. मुख्य मार्गावर ही साखळी भरपूर खर्च करून मजबूत केली गेली. शाखामार्गांच्या वाट्याला तसा खर्च येणार नव्हता.

पाच टनांची मर्यादा : बार्शी लाईट रेल्वे

कुर्डुवाडी स्थानकाचे जुने नाव ‘बार्शी रोड’ असे होते. कापूस आणि गळिताच्या धान्याची मोठी पेठ असलेली बार्शी मुख्य मार्गापासून वीस-बावीस मैलांवर राहिली होती. ही पेठ मार्गास जोडण्याची कल्पना इव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) या इंग्रज अभियंत्याने उचलून धरली. कॅलथ्रॉप १८८२ मध्ये जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत भारतात आले होते. ज्या प्रदेशात वाहतूक थोडी आणि भांडवल महाग, तेथे रुंद मार्गाची छोटी नक्कल करण्यापेक्षा मुळातूनच वेगळी, हलकी रेल्वे उभारावी, असा त्यांचा आग्रह होता. दीर्घ प्रयत्नांनंतर १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा २ फूट ६ इंच (७६२ मिलिमीटर) रुंदीचा मार्ग सुरू झाला.

कॅलथ्रॉप यांच्या योजनेचे मर्म मार्गाच्या अरुंदपणापेक्षा भाराच्या समान वाटणीत होते. इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू नये, असा नियम त्यांनी घालून घेतला. त्यामुळे यार्डाला अवघे ३० पौंड वजनाचे (मीटरला सुमारे १५ किलोग्रॅम) रूळ पुरेसे झाले. पूलही हलके बांधता आले. परंतु इंजिनाला पुरेशी ओढ हवी, तर चालक चाकांवर वजन हवेच. यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे चालक आसांची संख्या वाढविणे. लीड्सच्या किटसन कंपनीने या मार्गासाठी बांधलेली पहिली इंजिने ०-८-४ रचनेची होती. त्यांना चार आसांवर आठ जोडचालक चाके आणि मागच्या बाजूस दोन आसांवर चार आधारचाके होती. पाणी व कोळसा इंजिनावरच वाहिला जात असल्याने वेगळा टेंडर लागत नसे. चार चालक आसांवर प्रत्येकी पाच टन धरल्यास घर्षणासाठी वीस टन वजन मिळते आणि त्यातून जास्तीत जास्त पाच टनांच्या आसपास ओढ साधते. हलक्या रुळांवरून यापेक्षा अधिक मिळविणे त्या काळच्या तंत्रात कठीणच होते.

डब्यांच्या बाबतीतही हाच विचार होता. लीड्स फोर्ज कंपनीने दाबीव पोलादी सांगाड्याचे बोगीयुक्त डबे तयार केले. चार आसांच्या डब्याचे वजन मालासह वीस टनांपर्यंत जाऊ शकत असे. डबा स्वतः जितका हलका, तितका अधिक माल किंवा माणसे त्यात बसत. भारतात पाठविण्यापूर्वी लीड्सजवळील न्यूले येथे चाचणीचा मार्ग टाकून ही सामग्री १८९७ मध्ये अभियंत्यांना दाखविण्यात आली. पुढे इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड या १९०४ मध्ये सुरू झालेल्या छोट्या रेल्वेचे अभियंते म्हणून कॅलथ्रॉप यांनी बार्शीचा अनुभव तेथे वापरला. बार्शीसारख्या दुष्काळी मुलखातील प्रयोग इंग्लंडमधील मार्गाला नमुना ठरला, ही घटना तंत्रज्ञानाच्या इतिहासात लक्षणीय आहे.

बार्शी त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. तिच्या पूर्वेस निजामाच्या हैदराबाद संस्थानाची हद्द सुरू होई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मार्ग ही हद्द ओलांडून येडशीमार्गे तडवळ्यापर्यंत आला आणि १९११ मध्ये ढोकी, मुरूडवरून लातूरला पोहोचला. दुसऱ्या दिशेने १९०६ मध्ये कुर्डुवाडी–पंढरपूर आणि १९२७ मध्ये पंढरपूर–मिरज हे भाग पूर्ण झाले. मिरजेपासून लातूरपर्यंत एकूण लांबी २०२ मैल, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटर भरली. विशेष म्हणजे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले उस्मानाबाद शहर या मार्गावर नव्हते. तेथील प्रवाशाला येडशीचे स्थानक गाठावे लागे. लोहाऱ्याच्या प्रवाशाचे अंतर त्याहून अधिक होते.

कुर्डुवाडी : जेथे गाडी संपते, प्रवास संपत नाही

बार्शी लाईटचे डबे मुख्य मार्गावर जाऊ शकत नव्हते आणि मुख्य मार्गाचे डबे बार्शीकडे येऊ शकत नव्हते. दोन्ही मार्गांच्या रुंदीत ९१४ मिलिमीटरचा फरक होता. त्यामुळे कुर्डुवाडीला मालाची पोती एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावी लागत. मालासाठी काही उपाय तरी संभवत होता. लीक अँड मॅनिफोल्ड मार्गावर कॅलथ्रॉप यांनी मोठ्या मापाचे मालडबे लहान मापाच्या वाहक गाड्यांवर चढवून नेण्याची सोय केली होती. प्रवाशासाठी असा उपाय नव्हता. त्याने वळकटी, ट्रंक आणि मुले सांभाळीत फलाट बदलायचा आणि पुढच्या गाडीची वाट पाहायची, हाच परिपाठ होता.

लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या रचनेत ‘जोडडबा’ ही एक महत्त्वाची सोय असते. मुख्य गाडीचे काही डबे जंक्शनवर सोडून ते दुसऱ्या इंजिनाने शाखामार्गावर नेले जातात आणि प्रवासी आपल्या जागेवरून हलतही नाही. मुंबईहून निघणारी जलद सवारी गाडी दौंडला विभागून तिचे काही डबे शिर्डीकडे नेण्याची पद्धत अलीकडच्या काळापर्यंत होती. शाखेवर पूर्ण गाडीएवढे प्रवासी नसले तरी तेथील प्रवाशाला थेट प्रवास देण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग होय. परंतु त्यासाठी दोन्ही मार्गांचे माप एक असावे लागते. उस्मानाबाद–लातूर भागाला प्रवासी थोडे म्हणून अरुंद मार्ग मिळाला. आणि मार्ग अरुंद म्हणून थोड्या प्रवाशांसाठी असलेली जोडडब्याची सोयही मिळू शकली नाही.

याची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. आपल्या मापाच्या मर्यादेत बार्शी लाईट हा एक अखंड मार्ग होता. लातूर किंवा ढोकीहून निघालेला वारकरी मापबदलाचा अडसर न येता पंढरपूरच्या फलाटावर उतरू शकत होता. या प्रदेशाला मुंबईशी थेट नाते मिळाले नाही, पण पंढरीशी मिळाले. पुढील काळात २००२ मध्ये कुर्डुवाडी–पंढरपूर हा भाग आधी ब्रॉडगेज झाला आणि लातूरकडील भाग २००७–०८ पर्यंत नॅरोगेजच राहिला. त्या मधल्या वर्षांत एकाच मापावरची ही जुनी साखळी तुटली आणि पूर्वी नसलेली गाडीबदल वारीच्या वाटेवरही आली. सुधारणा टप्प्याटप्प्याने होते तेव्हा मधल्या टप्प्याचा भार कोणावर पडतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

डब्यांचा क्रम आणि समाजाचा क्रम

गाडीला किती डबे लागतात हे इंजिन ठरविते. ते कोणत्या क्रमाने लागतात हे मात्र समाज ठरवितो. वाफेच्या काळात इंजिनालगतचा डबा हा धूर, काजळी आणि ठिणग्यांचा धनी असे. टक्कर झाली तर पहिला आघातही टोकाच्या डब्यांवरच होई. स्थानकाचे प्रवेशद्वार बहुधा फलाटाच्या मध्यभागी असल्याने मधला डबा सर्वांत सोयीचा. या तिन्ही कारणांनी वरच्या वर्गांचे डबे गाडीच्या मध्यभागी आणि तिसऱ्या वर्गाचे डबे टोकांना असा क्रम रूढ झाला. टपाल वाहून नेणारा डबा ज्या गाडीला असे, ती ‘मेल’ म्हणून ओळखली जाई. वेळापत्रकात तिला मान मोठा आणि तिचे थांबे मोजके. नॅरोगेजच्या छोट्या मार्गांवर तर मालडबे आणि प्रवासी डबे एकत्र जोडलेल्या मिश्र गाड्याही चालविल्या जात. अशा गाडीत प्रवाशाचा वेळ मालाच्या चढउतारावर अवलंबून असे.

यात्रेच्या दिवसांत गर्दी वाढली की तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना मालडब्यांतून नेण्याची प्रथा देशभरातील रेल्वे कंपन्यांत होती. महात्मा गांधींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाची दुरवस्था जाहीरपणे मांडली, तेव्हा या प्रश्नाला राष्ट्रीय रूप आले. रेल्वेचे बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाचे होते आणि त्यांच्या वाट्याला येणारी सोय सर्वांत कमी होती, हा त्या टीकेचा गाभा होता.

याच सुमारास मुख्य मार्गाच्या पश्चिम टोकास अगदी वेगळ्या धर्तीची गाडी आकार घेत होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची गाडी धावली. पुढे भोर घाटातून पुण्यापर्यंत विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. सात डब्यांच्या दोन गाड्या तिच्यासाठी बांधण्यात आल्या होत्या. म्हणजे १९३० मध्ये एकाच रेल्वेजाळ्याच्या एका टोकाला विजेच्या इंजिनामागे नव्या धाटणीचे डबे धावत होते, तर कुर्डुवाडीपासून पूर्वेस पाच टनांच्या मर्यादेत बसणारी वाफेची इंजिने लहान डबे ओढीत होती. दोन्ही मार्ग कुर्डुवाडीला एकमेकांस भेटत होते, पण त्यांतील अंतर एका फलाटाएवढे नव्हते. ते एका पिढीएवढे होते.

स्वातंत्र्यानंतर वर्गव्यवस्थेत बदल झाले. १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द झाला. प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना (१९७७–७९) दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी बसविण्याचा निर्णय झाला आणि डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई–हावडा मार्गावर वर्गविरहित ‘गीतांजली एक्स्प्रेस’ सुरू झाली. गाडीची रचना हा सामाजिक न्यायाचाही विषय आहे, हे एका मराठी रेल्वेमंत्र्याने कृतीने दाखविले. तथापि अनारक्षित डबे गाडीच्या टोकांना आणि वातानुकूलित डबे मधल्या भागात, ही मांडणी बहुसंख्य गाड्यांत पुढेही कायम राहिली. शेवटच्या क्षणी एस.टी.तून उतरून स्थानक गाठणाऱ्या ग्रामीण प्रवाशाला फलाटाच्या टोकापर्यंत धावावे लागते, त्यामागे हा जुना क्रम आहे.

इंजिनबदलाची स्थानके

१९५१ मध्ये मध्य रेल्वेची स्थापना झाली. बार्शी लाईट कंपनीचा मार्ग १९५४ मध्ये सरकारने खरेदी केला आणि तो मध्य रेल्वेत विलीन झाला. मालकी बदलली, पण माप तेच राहिले. मराठवाड्याचे चित्र तेव्हा असे होते : मनमाड–औरंगाबाद–परभणी हा मीटरगेज, विकाराबाद–परळी हा ब्रॉडगेज आणि कुर्डुवाडी–लातूर हा नॅरोगेज. एकाच विभागात तीन मापे असल्याने एका मार्गाचे इंजिन दुसऱ्यास उपयोगी पडत नव्हते आणि एका मार्गाचे रिकामे डबे दुसऱ्या मार्गाची गर्दी भागवू शकत नव्हते.

मुख्य मार्गावर १९६० नंतर डिझेल इंजिने आली. डब्ल्यूडीएम-२ हे २,६०० अश्वशक्तीचे आणि सुमारे ११३ टन वजनाचे इंजिन १९६२ पासून भारतात वापरात आले आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झाले. सहाही आस चालक असल्याने त्याचे सर्व वजन घर्षणासाठी उपयोगी पडे. तरीही मुंबई–सोलापूर प्रवासात एक अडचण उरली होती. मुंबई–पुणे मार्गाचे जुने विद्युतीकरण १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाचे होते, तर पुण्याच्या पुढे विजेच्या तारा नव्हत्या. म्हणून सोलापूरकडे जाणाऱ्या गाडीचे विजेचे इंजिन पुण्याला काढून डिझेल इंजिन जोडले जाई. कर्जतला मागे बँकर, लोणावळ्याला तो वेगळा, पुण्याला इंजिनबदल, असा या गाड्यांचा नित्यक्रम होता. सोलापूरहून रात्री मुंबईची गाडी धरणाऱ्या लोहारा, उमरगा, तुळजापूर भागातील प्रवाशाला झोपेत जाणवणारे पुण्याचे आणि घाटातले धक्के हे याच इतिहासाचे अवशेष होते.

मापबदल : २००७–०८ आणि त्यानंतर

१९९२ मध्ये रेल्वेने देशभर एकच माप करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात तत्कालीन उमरगा तालुक्यातील, आणि आता लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर उद्ध्वस्त झाले, तेव्हा लातूर स्थानकाचा मार्ग नॅरोगेजच होता. त्यानंतर चौदा वर्षांनी, सप्टेंबर २००७ मध्ये, लातूर–उस्मानाबाद आणि ऑक्टोबर २००८ मध्ये उस्मानाबाद–कुर्डुवाडी हे भाग ब्रॉडगेज झाले. नव्या मार्गाची आखणी बदलून उस्मानाबाद शहर प्रथमच रेल्वेमार्गावर आणण्यात आले. लातूर आणि उस्मानाबादहून मुंबईस थेट गाडी जाऊ लागली. जिल्ह्यात रेल्वे आल्यानंतर थेट गाडी येण्यास सुमारे एक शतक लागले.

या बदलाचे मोजमाप प्रवासी गाडीपेक्षा एका मालगाडीने अधिक स्पष्ट केले. एप्रिल २०१६ मध्ये भीषण टंचाईच्या काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी ‘जलदूत’ गाडी सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरीत दहा टाकीडबे होते आणि प्रत्येकात सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. पुढे पन्नास डब्यांची गाडी धावू लागली. एका टाकीतील पाण्याचेच वजन पन्नास टन होते. कॅलथ्रॉप यांच्या मूळ हिशेबानुसार चार आसांच्या डब्याचे मालासह एकूण वजन वीस टनांपलीकडे जाऊ शकत नव्हते. मिरज ते लातूर ही दोन टोके बार्शी लाईटचीच होती. परंतु ही गाडी त्या जुन्या रुळांवरून धावू शकली नसती.

थेट गाडी मिळाल्यावर प्रश्न संपला नाही. त्याचे स्वरूप बदलले. मे २०१७ मध्ये लातूर–मुंबई एक्स्प्रेस बीदरपर्यंत नेण्याचा निर्णय झाला, तेव्हा लातूरमध्ये तीव्र विरोध झाला. अखेर आठवड्यातील काही दिवस गाडी बीदरहून आणि उरलेले दिवस लातूरहून सुटेल, अशी व्यवस्था करण्यात आली. वरवर पाहता हा दोन शहरांचा वाद होता. मुळात तो डब्यांच्या मर्यादित संख्येचा वाद होता. गाडीचे आरंभस्थान पुढे गेले की त्याच डब्यांत अधिक गावांचे प्रवासी सामावतात आणि मधल्या स्थानकांच्या वाट्याला कमी जागा येतात. पूर्वी मार्गाच्या मापाने जी मर्यादा घातली होती, ती आता आरक्षणाच्या वाट्याने घातली. लोहाऱ्याचा प्रवासी या वादात कोणत्याच शहराच्या बाजूचा नव्हता, तरी त्याच्या जागेचा निकाल त्यातच लागत होता.

विद्युतीकरणाचे वर्तुळही याच प्रदेशात पूर्ण झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये औसा रोड–लातूर रोड हा भाग विद्युतीकृत झाला आणि मध्य रेल्वेचे संपूर्ण ब्रॉडगेज जाळे विजेखाली आले. देशातील पहिली विजेची गाडी ज्या जाळ्यावर १९२५ मध्ये धावली, त्याच जाळ्यातील विजेची शेवटची कडी अठ्ठ्याण्णव वर्षांनी औसा–लातूरच्या माळावर जोडली गेली. मुंबई–पुणे मुख्य मार्गावरील एकदिश प्रवाह २०१५ पर्यंत बदलून २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह झाला होता. त्यामुळे पुण्याचा इंजिनबदल करण्याचे तांत्रिक कारण उरले नाही. डब्ल्यूएपी-७ सारखे १२३ टनांचे विद्युत इंजिन लांब पल्ल्याची गाडी आरंभापासून अखेरपर्यंत नेऊ शकते. बार्शीच्या पहिल्या इंजिनांच्या चालक चाकांवर वीस टन होते, हे येथे आठवावे.

त्याच महिन्यात, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, मुंबई–सोलापूर ‘वंदे भारत’ सोळा डब्यांनिशी सुरू झाली. या गाडीला वेगळे इंजिन नाही. तिच्या निम्म्या आसांना डब्यांखालीच मोटारी बसविलेल्या आहेत. घर्षणासाठी लागणारे वजन एका इंजिनात एकवटण्याऐवजी सबंध गाडीत वाटले गेल्याने ती भोर घाट बँकरविना चढते. बारकाईने पाहिले तर भार वाटून घेण्याचे हे तत्त्व कॅलथ्रॉप यांच्या विचाराच्या जवळचे आहे. त्यांनी भार आसांत वाटला, येथे ओढही आसांत वाटली गेली. ही गाडी कुर्डुवाडीस थांबते. मात्र तिचे सर्व डबे वातानुकूलित असून त्यात अनारक्षित प्रवाशास जागा नाही. तंत्राने घाट जिंकला, पण डब्यांच्या क्रमाचा जुना प्रश्न नव्या रूपात शिल्लक ठेवला.

समारोप

बार्शी लाईट रेल्वेकडे केवळ वसाहतकालीन कंजूषी म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. पाच टनांचा नियम नसता, तर विसाव्या शतकाच्या आरंभी निजामी मुलखातील या कोरडवाहू पट्ट्यात रेल्वे आलीच असती, असे मानण्यास आधार नाही. मात्र हलका रूळ, लहान इंजिन आणि बंदिस्त माप यांचा त्या काळापुरता शहाणा असलेला हिशेब परिस्थिती बदलल्यानंतरही पन्नास-साठ वर्षे तसाच ठेवला गेला. तात्पुरती काटकसर ही प्रदेशाची कायमची पायरी बनली. दोष असेल तर तो मूळ आराखड्यापेक्षा त्याचा वेळीच फेरविचार न करण्यात आहे.

लातूरला आता मराठवाडा रेल्वे डबे कारखाना उभा आहे. त्याची पायाभरणी मार्च २०१८ मध्ये झाली आणि पहिल्या डब्याचा सांगाडा २५ डिसेंबर २०२० रोजी तयार झाला. ज्या स्थानकात २००७ पूर्वी ब्रॉडगेजचा एक डबाही कुर्डुवाडीहून येऊ शकत नव्हता, तेथे आता शयनयान ‘वंदे भारत’ गाड्या बांधण्याची योजना आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या मार्गालाही मंजुरी मिळालेली आहे. तो पूर्ण झाल्यावर लोहाऱ्याच्या पश्चिमेकडूनही गाडी धावेल.

त्या मार्गाचे स्वागत करताना या अभ्यासातून मिळणारा धडा ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल. रूळ येणे म्हणजे गाडी येणे नव्हे, आणि गाडी येणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. नव्या मार्गावर कोणत्या गाड्या धावतील, त्यांत अनारक्षित डबे किती असतील, जंक्शनवर गाडी बदलावी लागेल की डबे पुढे जातील, हे प्रश्न मार्गाच्या आखणीच्या वेळीच विचारले गेले पाहिजेत. बार्शी लाईटच्या वेळी ते लातूर-उस्मानाबादच्या प्रवाशाने विचारले नव्हते. विचारण्याची सोयही त्याला नव्हती. कुर्डुवाडीच्या फलाटावर वळकटी उचलून धावणाऱ्या तीन-चार पिढ्यांनी त्याचे मोल चुकते केले आहे.